इटलीचे एकीकरण : राज्यनिर्मिती आणि राष्ट्रनिर्मिती यांतील अंतर

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय राष्ट्रवादाचे विवेचन करताना इटलीच्या एकीकरणाचे प्रकरण टाळता येत नाही. आधुनिक जगाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात ते हमखास असते. मॅझिनी हा एकीकरणाचा आत्मा, काव्हूर मेंदू आणि गॅरिबाल्डी तलवार, हे सूत्र विद्यार्थी पाठ करतात आणि उत्तरपत्रिकेत उतरवतात. सूत्र सोयीचे आहे यात शंका नाही. परंतु त्यामुळे ही तीन माणसे जणू एकाच देहाचे अवयव होती, असा समज दृढ होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. काव्हूरच्या शासनाच्या लेखी मॅझिनी हा अखेरपर्यंत फरारी गुन्हेगार होता. गॅरिबाल्डीने एप्रिल १८६१ मध्ये नव्या संसदेत उभे राहून काव्हूरवर भाऊबंदांत युद्ध पेटवू पाहिल्याचा आरोप केला. देह एक नव्हता आणि त्याला हवे असलेले रूपही एक नव्हते.

प्रस्तुत लेखात इटलीच्या उदाहरणाच्या आधारे राज्यनिर्मिती आणि राष्ट्रनिर्मिती या दोन प्रक्रियांतील अंतर स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. इटलीचे राज्य १८५९ ते १८६१ या अवघ्या दोन वर्षांत उभे राहिले. इटालियन राष्ट्र घडण्यास मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. मधल्या काळात या दोहोंतील तफावतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. कारण तेथे प्रकरण १८७० मध्ये रोमच्या समावेशाबरोबर संपते.

राज्य आणि राष्ट्र

राज्य ही भूप्रदेश, शासन, कायदा आणि दंडशक्ती यांनी सिद्ध होणारी संस्था होय. राष्ट्र ही त्या मानाने निसटती गोष्ट आहे. फ्रेंच विचारवंत अर्नेस्ट रेनाँ याने १८८२ मध्ये सोरबोन येथे दिलेल्या व्याख्यानात वंश, भाषा, धर्म आणि भूगोल यांपैकी कोणताही एक निकष राष्ट्राला पुरेसा ठरत नाही, असे दाखवले. सामाईक स्मृती आणि एकत्र राहण्याची चालू इच्छा यांवर त्याने भर दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात रेनाँचा आधार घेतलेला असल्याने हे विवेचन आपल्याकडील अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. पुढे १९८३ मध्ये अर्नेस्ट गेलनर आणि बेनेडिक्ट अँडरसन यांच्या ग्रंथांनी राष्ट्र हे अनादी नसून आधुनिक काळात घडवले जाते, ही मांडणी रूढ केली. गेलनरने औद्योगिक समाज व सार्वत्रिक शिक्षणावर, तर अँडरसनने छपाईवर भर दिला. या मांडणीची कसोटी पाहण्यास इटलीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. कारण तेथे राष्ट्राची कल्पना आधी काही हजार सुशिक्षितांच्या मनात होती, मग राज्य आले, आणि सर्वसामान्य जनता सर्वांत शेवटी आली.

मॅझिनीची कल्पना

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर इटालियन द्वीपकल्प अनेक राज्यांत विभागलेला होता. वायव्येस पीडमाँट-सार्डिनियाचे राज्य, लोंबार्डी व व्हेनिशिया ऑस्ट्रियाच्या प्रत्यक्ष अमलाखाली, पार्मा, मोडेना व टस्कनी येथे ऑस्ट्रियाच्या छायेतील छोटी राज्ये, मध्यभागी पोपची सत्ता, आणि दक्षिणेस नेपल्स व सिसिली यांचे बूर्बाँ घराण्याचे राज्य. इटली हा केवळ भौगोलिक शब्द आहे, असे ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निक म्हणत असे. इटालियन देशभक्तांना ते झोंबले, परंतु राजकीय वर्णन म्हणून ते चुकीचे नव्हते.

जोसेफ मॅझिनी (१८०५-१८७२) हा जिनोआचा. १८३१ मध्ये मार्सेय येथे त्याने 'तरुण इटली' ही संघटना स्थापन केली. आधीच्या कार्बोनारी या गुप्त मंडळापेक्षा तिचे वेगळेपण असे, की तिला निश्चित ध्येय होते : एक, स्वतंत्र आणि प्रजासत्ताक इटली. राजांच्या कृपेने मिळालेले ऐक्य मॅझिनीला नको होते. लोकांनी स्वतः उठाव करून राष्ट्र मिळवले तरच ते त्यांचे होईल, ही त्याची श्रद्धा होती. हक्कांपेक्षा कर्तव्याला प्राधान्य देणारी त्याची भाषा जवळजवळ धर्मोपदेशकाची होती. त्याचा राष्ट्रवाद इतरांना वगळणाराही नव्हता. १८३४ मध्ये त्याने 'तरुण युरोप' स्थापन करून जर्मन व पोलिश क्रांतिकारकांना इटालियनांच्या बरोबरीने बसवले.

मॅझिनीचे बहुतेक उठाव फसले. ज्या शेतकऱ्याच्या नावाने ते होत, तो शेतकरी त्यांत फारसा उतरला नाही. जमिनीचा प्रश्न मॅझिनीने कधी नीट हाताळला नाही, ही टीका आंतोनिओ ग्राम्शीने पुढे तुरुंगातील टिपणांत केली आणि ती रास्त आहे. तरीही १८४९ मध्ये रोमच्या प्रजासत्ताकाचे काही महिने मॅझिनीने कारभार चालवला, तेव्हा या स्वप्नाला थोडा काळ का होईना, प्रत्यक्ष रूप मिळाले. जुलै १८४९ मध्ये ते संपवले ते फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने पाठवलेल्या सैन्याने. एका प्रजासत्ताकाने पोपसाठी दुसरे मोडावे, हा इतिहासातील उपरोध मॅझिनीच्या वाट्याला आला.

काव्हूरचा मार्ग

१८४८-४९ च्या पराभवानंतर पीडमाँटमध्ये एक गोष्ट शिल्लक राहिली, ती म्हणजे १८४८ ची राज्यघटना. इतर राज्यांनी आपापल्या घटना मागे घेतल्या, पीडमाँटने घेतली नाही. १८५२ मध्ये पंतप्रधान झालेल्या काव्हूरने या भांडवलावर रेल्वे, व्यापार करार, क्रिमियाच्या युद्धातील सहभाग (१८५५) आणि १८५८ मधील प्लोंबिएर येथील नेपोलियन तिसरा याच्याशी झालेला गुप्त समझोता असा डाव मांडला. १८५९ मध्ये माजेंटा व सोल्फेरिनो येथे फ्रेंच-पीडमाँट सैन्याने ऑस्ट्रियाचा पराभव केला, लोंबार्डी मिळाली, आणि पुढच्या वर्षी मध्य इटलीतील राज्ये जोडली गेली. मोबदला म्हणून सव्हॉय आणि नीस फ्रान्सला द्यावे लागले. नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव. इटलीच्या सर्वांत लोकप्रिय वीराचे घर इटली घडवताना परराज्यात गेले.

या लढायांचे तपशील पाठ्यपुस्तकांत पुरेसे आढळतात. येथे लक्षात घेण्याची बाब एवढीच, की काव्हूरचे मूळ उद्दिष्ट उत्तरेतील प्रबळ राज्य हे होते. नेपल्स-सिसिलीसह संपूर्ण द्वीपकल्प एक करण्याची घाई त्याला नव्हती. तो स्वतः फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस कधी गेला नाही. त्याची सवयीची भाषा फ्रेंच होती.

सिसिली, १८६० : स्वातंत्र्य म्हणजे काय?

घाई गॅरिबाल्डीला होती. मे १८६० मध्ये सुमारे एक हजार स्वयंसेवकांसह तो जिनोआजवळील क्वार्तो येथून निघाला आणि ११ मे रोजी सिसिलीतील मार्साला येथे उतरला. चार महिन्यांच्या आत, ७ सप्टेंबर रोजी, तो नेपल्समध्ये होता. एवढ्या थोड्या माणसांनी बूर्बाँ राज्य कोसळले याचे कारण केवळ शौर्य नव्हे. सिसिलीतील शेतकरी आधीच उठावाच्या पवित्र्यात होता. २ जूनच्या फर्मानाने गॅरिबाल्डीने लढाईत उतरणाऱ्यांना सामाईक जमिनीचा वाटा देण्याचे वचन दिले होते. शेतकऱ्यांनी 'स्वातंत्र्य' या शब्दाचा अर्थ तसा लावला : जमीन मिळणार.

एटना पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ब्राँते या गावी या दोन अर्थांची गाठ पडली. येथील मोठी जहागीर १७९९ मध्ये बूर्बाँ राजाने इंग्रज नौसेनापती नेल्सनला दिली होती आणि ती त्याच्या वारसांकडे होती. ऑगस्ट १८६० च्या प्रारंभी जमिनीच्या वाटपास होणारी टाळाटाळ पाहून गावकरी उसळले. त्यांनी दस्तऐवज जाळले आणि गावातील प्रतिष्ठितांपैकी सोळा जणांचे प्राण घेतले. गॅरिबाल्डीचा सेनानी नीनो बिक्सिओ तेथे पोहोचला. घाईघाईने भरवलेल्या न्यायालयाने पाच जणांना मृत्युदंड दिला आणि १० ऑगस्ट रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत गावकऱ्यांची बाजू मांडणारा निकोलो लोंबार्दो हा वकील होता. त्यांत गावात वेडसर म्हणून ओळखला जाणारा एक मनुष्यही होता. जोव्हान्नी व्हेर्गा या सिसिलियन लेखकाने पुढे याच घटनेवर 'लिबेर्ता', म्हणजे 'स्वातंत्र्य', ही कथा लिहिली. शीर्षकच पुरेसे बोलके आहे.

त्यानंतर २१ ऑक्टोबर १८६० रोजी नेपल्स व सिसिलीत सार्वमत झाले. प्रश्न असा, की व्हिक्टर इमॅन्युएल हा घटनात्मक राजा असलेली एक व अविभाज्य इटली जनतेला हवी आहे काय. उत्तर फक्त होय किंवा नाही. नेपल्सच्या मुख्य भूमीवर १३,०२,०६४ मते होकाराची आणि १०,३१२ नकाराची पडली. सिसिलीत ४,३२,०५३ विरुद्ध ६६७. मतदान पुरुषांपुरते होते आणि अनेक ठिकाणी उघड होते : होय व नाही यांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पात्रांत ठेवलेल्या असत आणि मतदार कोणत्या पात्राकडे हात नेतो हे सर्वांना दिसत असे. हे आकडे खोटे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. बूर्बाँ राजवटीचा लोकांना खरोखर वीट आला होता. परंतु शंभरातील नव्व्याण्णव होकारांत राष्ट्रभावना किती, जमिनीची आशा किती आणि पात्राजवळ उभ्या असलेल्या शिपायाची भीती किती, हे त्या आकड्यांतून कळत नाही. स्वायत्तता, संघराज्य किंवा प्रजासत्ताक असे पर्याय कोणी विचारलेच नाहीत.

नव्या राज्याचे स्वरूप

१७ मार्च १८६१ रोजी तुरिन येथे इटलीच्या राज्याची घोषणा झाली. नव्या राज्याचा पहिला राजा 'व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा' याच नावाने गादीवर बसला. नव्या संसदेला पीडमाँटच्या क्रमानुसार 'आठवी' म्हटले गेले. हे केवळ औपचारिक तपशील नव्हेत. राज्य नवे नसून जुनेच विस्तारले आहे, अशी ती कबुली होती. पीडमाँटची घटना, पीडमाँटचा शिक्षण कायदा, पीडमाँटच्या धर्तीवरील जिल्हाधिकारी आणि पीडमाँटचे जकातीचे दर संपूर्ण देशाला लागू झाले. कमी जकातीमुळे नेपल्सच्या परिसरातील, आजवर संरक्षणात वाढलेले उद्योग उघड्यावर पडले. सिसिलीत पूर्वी सक्तीची लष्करभरती नव्हती, ती आता आली. ग्राम्शीने या प्रक्रियेला 'निष्क्रिय क्रांती' म्हटले. जनतेचा सहभाग न घेता, किंबहुना तो टाळून, वरून घडवलेला बदल, असा त्याचा आशय आहे.

या राज्याचे 'लोक' कोण होते? सुमारे दोन कोटी वीस लाख लोकसंख्येपैकी मताचा अधिकार सुमारे दोन टक्क्यांना होता. १८६१ च्या जनगणनेनुसार शंभरातील पंचाहत्तरहून अधिक लोक निरक्षर होते. दक्षिणेत व बेटांवर हे प्रमाण याहून बरेच अधिक. भाषेची स्थिती तर अधिक विलक्षण होती. भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो याने १९६३ मध्ये असा अंदाज मांडला, की एकीकरणाच्या वेळी इटालियन भाषा बोलू शकणारे लोक अडीच टक्केच होते. पुढे आर्रिगो कास्तेल्लानी याने टस्कनी व रोम परिसरातील बोली प्रमाणभाषेला जवळच्या असल्याने त्यांचे भाषक धरून हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास नेला. दोघांपैकी कोणाचेही गणित मान्य केले, तरी नऊदशांश इटालियनांना इटालियन येत नव्हते. तुरिनचा अधिकारी आणि पालेर्मोचा शेतकरी समोरासमोर आले, तर दुभाष्या लागत असे. मास्सिमो दाझेलिओ या पीडमाँटच्या माजी पंतप्रधानाने आपल्या आत्मचरित्रात (१८६७) जुन्याच स्वभावाच्या इटालियनांकडून नवी इटली घडवण्याच्या खटाटोपाविषयी खंत व्यक्त केली आहे. इटली घडली, आता इटालियन घडवायचे, या आशयाचे जे सुभाषित त्याच्या नावावर सांगितले जाते, त्याला आजचे आटोपशीर रूप नंतरच्या लोकांनी दिले.

दक्षिणेतील यादवी

१८६१ ते १८६५ या काळात दक्षिण इटलीत जे घडले त्याला शासकीय भाषेत 'दरोडेखोरी' म्हटले गेले. बूर्बाँ सैन्यातून मोकळे झालेले शिपाई, लष्करभरती चुकवणारे तरुण, जमिनीची आशा मावळलेले शेतमजूर आणि काही खरोखरचे दरोडेखोर अशी ही मिश्र फळी होती. कार्मिने क्रोक्को हा तिच्यातील सर्वांत नावाजलेला म्होरक्या. त्याने आधी गॅरिबाल्डीच्या बाजूने शस्त्र धरले होते, ही बाब 'दरोडेखोर' या शब्दात बसत नाही. रोममध्ये आश्रय घेतलेल्या पदच्युत बूर्बाँ राजाकडून यांतील काहींना मदत मिळे.

ऑगस्ट १८६१ मध्ये पोंतेलांदोल्फो परिसरात सुमारे चाळीस सैनिक मारले गेले, तेव्हा सैन्याने पोंतेलांदोल्फो व कासाल्दूनी ही दोन गावे जाळली. ऑगस्ट १८६३ मध्ये संमत झालेल्या पिका कायद्याने दक्षिणेतील प्रांतांत लष्करी न्यायालये आणली. संशयितांना व त्यांना आसरा देणाऱ्यांनाही शिक्षा होऊ लागल्या. देशाच्या सैन्याचा फार मोठा भाग, सुमारे एक लाख सैनिक, या मोहिमेत गुंतला होता. मृतांच्या संख्येविषयी इतिहासकारांत तीव्र मतभेद आहेत आणि अलीकडे त्यावर राजकीय हेतूने फुगवलेले आकडेही फिरतात. तरीही नव्या राज्याचे पहिले दीर्घ युद्ध ऑस्ट्रियाशी नव्हे, तर स्वतःच्याच प्रजेशी झाले, एवढे निर्विवाद आहे. १८६६ मध्ये पालेर्मोत पुन्हा उठाव झाला. १८६९ च्या प्रारंभी पिठाच्या दळणावर कर आला तेव्हा दंगली उसळल्या त्या मात्र प्रामुख्याने उत्तर व मध्य इटलीत, आणि त्यांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. भाकरीवर कर बसवणारे राज्य आपले आहे, असे वाटण्यास कारण तरी काय होते?

धर्माच्या बाजूनेही हीच दरी होती. २० सप्टेंबर १८७० रोजी इटालियन सैन्याने रोम घेतल्यानंतर पोप नववा पायस याने स्वतःला व्हॅटिकनचा बंदी म्हणवून घेतले. श्रद्धाळू कॅथलिकांनी राष्ट्रीय निवडणुकांत भाग घेऊ नये, असा चर्चचा आदेश होता. बहुसंख्य प्रजा कॅथलिक असलेल्या राज्यात चर्चचा पाठिंबा राष्ट्राला नव्हता. हा तिढा १९२९ च्या लॅटरन कराराने, आणि तोही मुसोलिनीच्या हातून, सुटला.

इटालियन कसे घडले?

घोषणांनी ते घडले नाहीत. १८७७ च्या कोप्पिनो कायद्याने सहा ते नऊ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचे केले, पण शाळांचा खर्च नगरपालिकांवर टाकला. गरीब दक्षिणेत तो झेपणारा नव्हता. कोणती इटालियन शिकवायची, यावरही वाद झाला. कादंबरीकार मांझोनी याच्या अध्यक्षतेखालील समितीने १८६८ मध्ये फ्लॉरेन्सची जिवंत बोली आदर्श मानावी असे सुचवले. भाषाशास्त्रज्ञ आस्कोली याने त्यास विरोध केला. भाषेचे ऐक्य हुकमाने येत नसते, विचारांच्या देवघेवीतून येते, असे त्याचे म्हणणे होते. प्रमाण मराठीचा प्रश्न ज्यांनी वर्गात हाताळला आहे, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल.

एक मार्ग कोणी ठरवलेला नव्हता, तो म्हणजे स्थलांतराचा. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे एक कोटी चाळीस लाख इटालियन देशाबाहेर गेले. त्यांतील पुष्कळ परतले. कालाब्रियाचा शेतमजूर गावात असताना कालाब्रियन होता, न्यूयॉर्क किंवा ब्युनोस आयरीस येथे मात्र लोक त्याला 'इटालियन' म्हणू लागले. घरी पत्र पाठवायचे आणि आलेले वाचायचे, यासाठी अक्षरओळखीची निकड त्याला प्रथमच भासली. ज्या राज्याने पोट भरण्यास बाहेर जाण्याची पाळी आणली, त्याच राज्याचे नाव त्याला परदेशात चिकटले.

मताधिकार १८८२ मध्ये वाढून सुमारे सात टक्क्यांपर्यंत गेला, १९१२ मध्ये बहुतेक प्रौढ पुरुषांना मिळाला, आणि स्त्रियांनी राष्ट्रीय पातळीवर प्रथम मत दिले ते २ जून १९४६ रोजी. त्याच दिवशीच्या सार्वमतात राजेशाही संपली आणि मॅझिनीचे प्रजासत्ताक आले. पहिल्या महायुद्धातील खंदकांनी वेगवेगळ्या प्रांतांतील तरुणांना एकत्र आणले, फॅसिस्ट राजवटीने बोलीभाषा दडपल्या, परंतु १९५१ मध्येही सुमारे तेरा टक्के लोक निरक्षर होते आणि घराघरांत बोलीच नांदत होती. ३ जानेवारी १९५४ रोजी नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली. १९६० पासून आल्बेर्तो मांझी या शिक्षकाने फळा-खडू घेऊन पडद्यावरून प्रौढांना अक्षरे शिकवली. राष्ट्रभाषा घराघरांत रुजण्याच्या कामी दूरचित्रवाणीचा वाटा कोणत्याही मंत्रिमंडळाहून कमी नव्हता, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

मराठी वाचकांची इटली

आपल्याकडे इटली पोहोचली ती काव्हूरची नव्हे, तर मॅझिनीची. बंगालमध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी १८७० च्या दशकात मॅझिनीवर व्याख्याने दिली, लाला लजपतराय यांनी १८९६ मध्ये उर्दूत मॅझिनी व गॅरिबाल्डी यांची चरित्रे लिहिली. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद प्रस्तावनेसह सिद्ध केला. तो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तरुणांनी तो झपाटून वाचला. 'अभिनव भारत' या नावातही 'तरुण इटली'चा प्रतिध्वनी होता. या वाचनात परकीय सत्तेविरुद्धचा लढा केंद्रस्थानी होता, आणि पारतंत्र्यात असलेल्या समाजाने तेच उचलावे हे स्वाभाविक होते. ब्राँते किंवा पिका कायदा त्या चित्रात नव्हता.

१९०९ मध्ये गांधीजींनी 'हिंद स्वराज'मध्ये इटलीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. गांधीजींना मॅझिनीविषयी आदर होता; १९०५ मध्येच त्यांनी 'इंडियन ओपिनियन'मध्ये त्याच्यावर लेख लिहिला होता. पण हिंद स्वराजमध्ये त्यांनी वेगळाच प्रश्न घातला : ऑस्ट्रियन गेले, राजा आला, पण इटलीतील कष्टकऱ्याला काय मिळाले? मॅझिनीच्या अपेक्षेतील इटली आणि व्हिक्टर इमॅन्युएलची इटली या दोन भिन्न वस्तू आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॅझिनीच्या अखेरच्या वर्षांकडे पाहता त्यास आधार मिळतो. १८६६ मध्ये मेस्सिना येथील मतदारांनी त्याला संसदेवर निवडून दिले, तेव्हा जुन्या शिक्षेचे कारण देऊन ती निवड रद्द ठरवण्यात आली. १८७० मध्ये त्याला गाएता येथे कैदेत ठेवले गेले. १० मार्च १८७२ रोजी पीसा येथे तो मरण पावला, तेव्हा तो एका स्नेही कुटुंबाच्या घरात खोट्या इंग्रजी नावाने राहत होता.

मॅझिनीचे हे दोन भारतीय वाचक १९०९ मध्ये लंडनमध्येच एका व्यासपीठावर आले. इंडिया हाउसच्या मंडळींनी ऑक्टोबरमध्ये योजलेल्या विजयादशमीच्या समारंभात गांधीजी आणि सावरकर दोघेही बोलले. पुढच्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेस परतताना बोटीवर गांधीजींनी 'हिंद स्वराज' लिहिले. मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने ते जप्त केले. सावरकरांच्या मॅझिनीवरही बंदी आली.